चौदा नंबरच्या बसची शेवटची ओळ

ह्यूबर्ट क्लेगने रंगभूमीवर टाकलेलं पहिलं पाऊल हे गाईचं मागचं पाऊल होतं.

नाताळच्या दिवसांत मुलांसाठी जी गाण्यांची नाटकं होतात, त्यांत एक गाय असतेच. ती दोन माणसांची मिळून बनते. पुढच्या माणसाच्या वाट्याला डोकं, पापण्या मिचकावायची दोरी आणि टाळ्या येतात. मागच्याच्या वाट्याला शेपूट आणि धरायला पुढच्याचा कंबरपट्टा. रॉचडेल गावात, वजडी विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर जन्मलेला ह्यूबर्ट सतराव्या वर्षी मागचा माणूस झाला आणि सहा हिवाळे मागचाच राहिला. एवढ्या काळात त्याने निम्म्या इंग्लंडच्या रंगमंचांच्या फळ्या जवळून पाहिल्या. कुठल्या फळीला गाठ आहे, कुठली करकरते, कुठे खिळा वर आलाय, हे तो डोळे मिटून सांगू शकत असे. प्रेक्षक मात्र त्याला एकही दिसला नाही.

पण वाकलेल्या माणसाला दिसत नसलं तरी ऐकू फार छान येतं. कोणत्या वाक्याला लोक हसतात, कोणत्या गाण्याला खोकतात, कधी चॉकलेटच्या कागदांचा आवाज सुरू होतो, हे सगळं त्या गाईच्या पोटात त्याच्या कानांवर पडत राहिलं. सहाव्या हिवाळ्यानंतर पुढच्या पायांनी लग्न करून चहाचं दुकान काढलं. ह्यूबर्ट पाठ सरळ करून उभा राहिला आणि संगीत नाटकांचा निर्माता झाला.

निर्माता नक्की काय करतो, असं कुणी विचारलं की तो सांगे, "गाणारे गातात, नाचणारे नाचतात, वाजवणारे वाजवतात. छप्पर गळायला लागलं की सगळे माझ्याकडे बघतात. ते बघणं सहन करणारा तो निर्माता."

त्याची नाटकं लिहायची एफी ट्रॉटर. संवाद तिचे, गाणी तिची, चालीही बहुतेक तिच्याच. उंच, हाडकुळी, पायात कायम रबरी बूट आणि डोक्यात कायम दोन पेन्सिली. त्यांतली एक ती दिवसभर शोधत असायची. तिने ह्यूबर्टसाठी तीस वर्षांत बारा नाटकं लिहिली, आणि बाराही वेळा ह्यूबर्टने तिची शेवटची ओळ बदलली.

बाकीच्या नाटकाला तो बोट लावत नसे. शेवटची ओळ मात्र पाहिली की त्याच्या हाताला खाज सुटे. दीपगृहाच्या राखणदाराच्या नाटकात एफीने लिहिलं होतं, 'दिवा लाव.' ह्यूबर्टने पहिल्या प्रयोगाच्या सकाळी केलं, 'दिवा विझव.' नाटक दोन वर्षं चाललं आणि एफी त्याच्याशी दोन महिने बोलली नाही. बेकरीवाल्याच्या नाटकात 'पाव जळला'चं त्याने 'पाव जळलाच नाही' केलं. त्या वेळी ती बोलली, पण जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याला हे सगळं जमायचं, कारण ओळ बदलली तरी नटांचं पाठांतर बिघडत नसे. नाटकवाल्यांचा एक जुना नेम आहे. नाताळच्या नाटकाची शेवटची ओळ तालमीत म्हणायची नाही. प्रेक्षकांसमोर, पहिल्या प्रयोगाला, ती पहिल्यांदा उच्चारायची. ह्यूबर्ट गाईच्या पोटात हे शिकला होता आणि त्याने तो नेम आपल्या सगळ्याच नाटकांना लावला होता. त्याच्याकडे शेवटची ओळ एका बंद पाकिटात असे, पाकीट खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत, आणि डबी कोटाच्या आतल्या खिशात.

ही गोष्ट आहे तेराव्या नाटकाची. त्याचं नाव 'चौदा नंबरची बस'.

या नाटकात पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत लोक बसच्या रांगेत उभे असतात. सात माणसं, एक थांबा, आणि बस येत नाही. रांगेत तिसरी उभी असते मेव्हिस. ती बटणांच्या दुकानातली नोकरी सोडून, कायमची हल गावच्या मावशीकडे निघालेली असते. चौथा असतो छत्रीवाला नॉर्मन. अडीच तासांत दोघं एकमेकांच्या प्रेमात बुडतात, पण ओळख करून दिलेली नसल्यामुळे हवापाण्यापलीकडे बोलू शकत नाहीत. शेवटी बस येते. आता मेव्हिस चढणार की थांबणार? ते शेवटच्या ओळीत कळणार.

एफीने हस्तलिखित आणून दिलं त्या दिवशी पाकीट मात्र हातात घट्ट धरून ठेवलं होतं.

"या वेळी एक अट आहे," ती म्हणाली. "हे आधी उघडायचं नाही. दुसऱ्या अंकात छत्रीचं गाणं सुरू झालं की मग उघड. ओळ मोठ्या अक्षरात लिहून बसच्या दाराच्या आतून चिकटव. दार उघडलं की मेव्हिसला वाचता येईल."

"आणि तोपर्यंत मी काय करू?"

"माझ्यावर विश्वास ठेव. नवीन अनुभव आहे, तुला आवडेल. शपथ घे."

"कुणाची?"

"आईच्या चहाच्या किटलीची."

ह्यूबर्टच्या आईची किटली ही त्या घराण्यातली सर्वांत पवित्र वस्तू होती. त्याने शपथ घेतली. एफी त्याच संध्याकाळी मासे पकडायला स्कॉटलंडच्या एका बेटावर निघून गेली.

शपथ घेण्यावाचून त्याला इलाजही नव्हता. त्याची आधीची तीन नाटकं बुडाली होती. मधमाश्या पाळणाऱ्याच्या नाटकाने पहिल्याच प्रयोगाला सभागृह रिकामं केलं, कारण त्याने हट्टाने खऱ्या मधमाश्या आणल्या होत्या. बर्फावर घसरण्याचं नाटक जुलै महिन्यात काढलं होतं. तिसऱ्याबद्दल कंपनीत कुणी बोलत नाही. आता 'चौदा नंबरची बस' लंडनला पोचली नाही, तर ह्यूबर्टला रॉचडेलला थोरल्या बहिणीकडे जावं लागणार होतं. ईनिडचं पत्र येऊन पडलं होतं. 'मागची खोली झाडून ठेवली आहे. तू आलास की पक्ष्यांचं तू बघ. अकरा आहेत. त्यांना सकाळी सहाला गाणं लागतं.'

स्कारबरोला समुद्रकिनारी ट्रायटन नावाचं थिएटर होतं. तिथे पहिला प्रयोग ठरला. बुधवारी दुपारी अडीचला, कारण संध्याकाळी सभागृह पितळी वाद्यांच्या स्पर्धेला दिलेलं होतं. लंडनहून लेडी पेनिफोल्ड येणार होत्या. नवऱ्यामागे लंडनमधलं एक थिएटर त्यांच्याकडे आलं होतं. तिथे कुठलं नाटक लावायचं, हे त्या एकट्या ठरवत.

"बाईंचं एक आहे," ड्युल्सीने आठवण करून दिली. "त्या मधे झोपतात. शेवट तेवढा बघतात."

ड्युल्सी बॅगशॉ कंपनीची व्यवस्थापक. पडदा, दिवे, नटांच्या वेळा, सगळं तिच्या हातात. वीस वर्षांत तिला कुणी घाईत पाहिलं नव्हतं. ती विणकाम घेऊन विंगेत बसायची आणि टाके न सोडता नाटक चालवायची.

मेव्हिसचं काम करणारी ग्लेनिस वेल्समधल्या एका खेड्यातली. प्रार्थनाघरात गाऊन तयार झालेला गळा, आणि डोकं असं की समजल्याशिवाय पुढे जायचं नाही. पहिल्याच तालमीत तिने हात वर केला.

"मिस्टर क्लेग, माझी शेवटची ओळ कोरी आहे."

"कोरी नाही, सोन्या. ती माझ्या खिशात आहे." नाटकवाले सगळ्यांना सोन्या म्हणतात, म्हणजे नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत.

"मग सांगा ना."

"तालमीत म्हणत नाहीत. शेवटची ओळ म्हटली की नाटक पूर्ण होतं. आणि प्रेक्षक नसताना पूर्ण झालेलं नाटक रुसतं."

ग्लेनिसने जरा विचार केला. "पण मग तिथे मी काय म्हणू? चार मात्रा आहेत, वाजवणारे थांबलेत."

"काकडी म्हण. आमच्याकडे काकडी म्हणतात. काकडी, काकडी, काकडी, काकडी."

"का?"

"का म्हणजे? कायम काकडीच म्हणतात."

तर सहा आठवडे ग्लेनिस नाटकाच्या शेवटी बसच्या दारात उभी राहून, डोळ्यांत पाणी आणून, पूर्ण ताकदीने काकडी-काकडी म्हणत राहिली. ती इतकं छान म्हणायची की पाचव्या आठवड्यात एक ट्रॉम्बोनवाला खरोखर रडला.

बस म्हणजे बसचा पुढचा अर्धा भाग होता. प्लायवुडचा, लाल रंगाचा, खाली चाकं, मागून ढकलायला चार माणसं. ड्रायव्हरच्या जागी पुठ्ठ्याचा माणूस, डोक्यावर खरी टोपी. आणि वर नंबरची पट्टी होती तीही खरी. डेपोतून मागून आणलेली कापडी गुंडाळी. तिचा दांडा फिरवला की नंबर बदलायचे.

बुधवार उजाडला. दुपारी दोनला लेडी पेनिफोल्ड आल्या. बुटक्या, गोल, अंगावर तीन शाली. त्या पाचव्या ओळीत जाऊन बसल्या, शेजारच्या खुर्चीवर थर्मास ठेवला आणि ह्यूबर्टला म्हणाल्या, "शेवट चांगला आहे ना?"

"उत्तम आहे, बाईसाहेब."

"काय आहे?"

"ते सांगत नाहीत."

"बरं. शेवटाच्या दहा मिनिटं आधी कुणाला तरी मला हलवायला पाठवा. हळूच, डाव्या खांद्याला. उजवा दुखतो." आणि पडदा उघडायच्या आत त्या झोपल्या.

पहिला अंक छान रंगला. मधल्या सुट्टीत आइस्क्रीम संपलं, म्हणजे लोक खुशीत होते. दुसऱ्या अंकातही हशा वेळेवर येत होते. ह्यूबर्ट विंगेत, सवयीने जरा वाकून, कान देऊन उभा होता. नॉर्मनने छत्रीचं गाणं सुरू केलं तशी त्याने डबी काढली, पाकीट फोडलं आणि आतला कागद उलगडला.

मग कागद उलटा केला. मग पाकिटात फुंकर मारून पाहिलं.

"काय झालं?" ड्युल्सीने टाका घेत विचारलं.

त्याने कागद तिच्यापुढे धरला. कागद कोरा होता. तळाशी तेवढं पेन्सिलीने लिहिलं होतं, 'बारा वेळा माझी ओळ बदललीस. आता तूच लिही. एफी.'

ड्युल्सीने सुया मांडीवर ठेवल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच. "किती वेळ आहे?"

"तुला माहीत."

"चौदा मिनिटं," ती म्हणाली. "गंमतच आहे."

ह्यूबर्ट रंगमंचामागच्या टेलिफोनकडे धावला. बेटावर एकच फोन होता, तो टपाल कचेरीत. पलीकडून एका बाईंचा शांत आवाज आला.

"एफी ट्रॉटरला बोलवा. फार तातडीचं आहे."

"ती होडीत आहे. तुम्ही क्लेग ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"ती म्हणाली होती, बुधवारी पावणेपाचच्या सुमाराला क्लेगचा फोन येईल, दम लागलेला असेल. तिने निरोप ठेवलाय."

"सांगा, सांगा."

"समुद्र छान आहे म्हणाली."

"आणखी?"

"बांगडे मिळतायत म्हणाली."

ह्यूबर्टने फोन ठेवला. आता एखाद्याला वाटेल, यात एवढं काय, ग्लेनिसला गाठून सांगायचं की वाटेल ते म्हण. पण बसची रांग दुसऱ्या अंकभर रंगमंचावरून हलत नाही, हेच तर त्या नाटकाचं वैशिष्ट्य होतं. ग्लेनिस तिकडे उजेडात उभी होती आणि दारावर ओळ चिकटवलेली असणार, या भरवशावर निश्चिंत गात होती.

तो भेटेल त्याला विचारत सुटला. आइस्क्रीमवाल्या मिसेस टटल रिकामी पेटी पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "शेवटी सगळ्यांनी राणीचं राष्ट्रगीत म्हणावं. लोक आपोआप उभे राहतात, दरवाजाकडे जायलाही बरं पडतं."

मागच्या दारावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने पेपरातून डोकं काढलं. "बस आल्यावर ना? तिला म्हणू द्या, किती उशीर हा. माझी बायको तेच म्हणते. बसलाच नाही, मलाही."

रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्याच्या दारातून ट्रॉम्बोनवाला कुजबुजला, "शेवट हवाच कशाला, मिस्टर क्लेग? आम्ही वाजवत राहतो. कंटाळले की जातील."

आणि कपडेपटातल्या शिंपीणबाई, तोंडात टाचण्या धरून, म्हणाल्या, "म्हं म्हं म्हं." ही कदाचित सर्वांत चांगली सूचना असेल, पण ती कुणालाच कळली नाही.

ह्यूबर्ट परत येऊन एका खोक्यावर बसला आणि कोऱ्या कागदावर पेन्सिल टेकवली. पेन्सिल हलेना. दुसऱ्याच्या ओळीतली चूक त्याला एका नजरेत दिसायची. या कागदावर चूकच नव्हती. तिथे काहीच नव्हतं. त्याच्या मनात आलं, बारा वेळा एफी इथे, या कोऱ्या जागेसमोर, एकटी बसली असेल. मग त्याच्या मनात पक्षी आले. सकाळी सहा, अकरा पक्षी, आणि ईनिड म्हणतेय, 'ह्यूबर्ट, गा.'

त्याने घाईघाईने काहीतरी खरडलं आणि ड्युल्सीला दाखवलं.

तिने वाचलं. "'प्रेमाला थांबा नसतो.'"

"कसं वाटतं?"

"साबणाच्या जाहिरातीसारखं."

"मग 'प्रेम हीच बस'?"

ड्युल्सी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. निर्मात्याला बघणं सहन करायची सवय असते, पण यावर तोही खाली बघू लागला.

"सहा मिनिटं," ती म्हणाली. "लेडी पेनिफोल्डना उठवायला पाठवलंय. मिस्टर क्लेग, वाईटात वाईट काय होईल? काकडी म्हणेल ती."

"काकडीवर लंडन मिळत नाही, ड्युल्सी."

"तिची काकडी ऐकलीत ना तुम्ही?"

तेवढ्यात चार माणसं बसमागे येऊन उभी राहिली, आणि ह्यूबर्टला युक्ती सुचली. निदान त्याला ती युक्ती वाटली. बसमधून पुठ्ठ्याचा ड्रायव्हर काढायचा, आपण वाकून आत शिरायचं, आणि दार उघडलं की खालूनच ग्लेनिसला ओळ कुजबुजायची. तोपर्यंत एक मिनिट मिळेल. एका मिनिटात माणसाला बरंच काही सुचतं. शिवाय वाकून आत शिरणं हे काम या देशात त्याच्याइतकं चांगलं कुणाला येत होतं?

"क्लेगसाहेब, कुठे शिरताय?" ढकलणाऱ्यांपैकी एकाने विचारलं.

"गाईत," ह्यूबर्ट म्हणाला.

पुठ्ठ्याचा ड्रायव्हर बाहेर आला. त्याची टोपी तेवढी आत पडली. ह्यूबर्ट चाकामागे गुडघे पोटाशी घेऊन बसला. वाद्यं वर चढली, बस हलली, आणि रंगमंचावर शिरता शिरता एका फळीवर जोरात उडाली. ट्रायटनच्या डाव्या बाजूची चौथी फळी वर आलेली आहे, हे चाळीस वर्षांपूर्वी गाईच्या मागच्या पायांना पक्कं माहीत होतं. ह्यूबर्ट क्लेग, निर्माता, ते विसरला होता.

तोल सावरायला त्याने हाताला लागेल ते धरलं. हाताला लागला नंबरच्या पट्टीचा दांडा. तो गरगर फिरला. बाहेर, बसच्या कपाळावर, सगळ्या प्रेक्षकांसमोर, चौदा आकडा वर सरकत गेला. सतरा गेला, बावीस गेला, आणि शेवटी पट्टीवर येऊन थांबलं, 'डेपोकडे'.

प्रेक्षागृहात कुणीतरी खिदळलं.

दांड्याला धरून ह्यूबर्ट उठला तो थेट ड्रायव्हरच्या खुर्चीत. टोपी कशी डोक्यावर आली ते त्यालाही कळलं नाही. काचेच्या जागी काच नव्हतीच, आणि समोर दिवे होते, आणि दिव्यांपलीकडे माणसं होती. ह्यूबर्टने उभ्या आयुष्यात प्रेक्षकांना फक्त ऐकलं होतं. आता नऊशे माणसं त्याला दिसत होती. लाल टोपीची एक आजी. चष्मा पुसणारा एक पाद्री. पाचव्या ओळीत लेडी पेनिफोल्ड, सताड जाग्या, थर्मासचं झाकण हातात. सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होते, आणि ती गोष्ट त्याच्याकडे असायला हवी होती.

डोक्यातून प्रेम गेलं, साबण गेला, पक्षीसुद्धा गेले.

दार उघडलं. ग्लेनिसने सूटकेस उचलली, दाराच्या आतल्या बाजूकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. तिने वर पाहिलं, तर निर्माता टोपी घालून बसलेला. चार मात्रा वाजल्या आणि संपल्या. संगीत संचालकाची काठी हवेत थांबली. ट्रॉम्बोनवाल्याने डोळे मिटले.

ग्लेनिस समजल्याशिवाय पुढे न जाणारी मुलगी होती. अडीच तास ती रांगेत उभी होती, हातात सूटकेस होती, आणि समोरच्या बसवर 'डेपोकडे' लिहिलं होतं. अशा वेळी रांगेतलं कुठलंही माणूस जे विचारील तेच तिने विचारलं.

"ही चौदा ना हो?"

ह्यूबर्टने तिच्याकडे पाहिलं. त्याने थंडीत, धुक्यात, हातात पिशव्या घेऊन साठ वर्षं बसची वाट पाहिली होती. त्या साठ वर्षांत प्रत्येक ड्रायव्हरने त्याला जे सांगितलं होतं, तेच, त्याच आवाजात, त्याच्या तोंडून बाहेर आलं.

"चौदा मागून येतेय, बाई."

मग ग्लेनिसने मान डोलावली, "बरं," असं ओठांनीच म्हणाली, सूटकेस खाली ठेवली आणि रांगेत आपल्या जागी, नॉर्मनच्या पुढे, परत जाऊन उभी राहिली. नॉर्मनने छत्री जराशी तिच्या बाजूला कलती केली. रांगेतले सातही जण, कुणी न सांगता, एकेक पाऊल पुढे सरकले. मागच्या चौघांना काही सुचेना, म्हणून त्यांनी बस मागे ओढली. ड्युल्सीने पडदा सोडला.

पडद्यामागे ह्यूबर्ट बसमध्येच बसून होता. बाहेरून आवाज आला. आधी त्याला वाटलं, छप्पर कोसळलं. मग कानांनी ओळखलं. तो हशा होता, पण नुसता हशा नव्हता. त्या हशाच्या पोटात टाळ्या होत्या, आणि टाळ्यांमागे कुणी तरी नाक शिंकरत होतं. गाईच्या पोटात सहा हिवाळे काढूनही असा आवाज त्याने ऐकला नव्हता.

"उतरा," ड्युल्सी दारात येऊन म्हणाली. "लोक ड्रायव्हरला बोलावतायत."

"पुठ्ठ्याचा पाठव."

"उतरा म्हणते ना."

तो उतरला. वाकून नमस्कार करणं त्याला जमलं, पण वाकल्यावर परत सरळ व्हायचं असतं हे लक्षात यायला जरा वेळ लागला. ग्लेनिसने कोपराने ढोसलं तेव्हा तो सरळ झाला.

नंतर लेडी पेनिफोल्ड मागे आल्या. एक शाल त्या खुर्चीवरच विसरल्या होत्या.

"मिस्टर क्लेग, नाटक मी पाहिलेलं नाही. शेवट पाहिला. माझं थिएटर सप्टेंबरपासून तुमचं."

ह्यूबर्ट आभार मानू लागला, पण त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"एकच अट. तो ड्रायव्हर लंडनला आला पाहिजे. कोण आहे तो? चेहऱ्यावर किती थकवा, किती निराशा. अगदी खरा. बाकीचे बदलले तरी चालतील."

"मलाही बदलायचं आहे का?" ग्लेनिसने विचारलं.

"तू कोण?"

"रांगेतली तिसरी."

"तू राहा. तू फार चांगली उभी राहतेस."

त्या संध्याकाळी, सभागृहात पितळी वाद्यं केकाटत असताना, ह्यूबर्टने दोन पत्रं लिहिली. एक ईनिडला, पक्ष्यांसाठी दुसरा गायक बघ म्हणून. दुसरं एफीला. त्यात त्याने झालेलं सगळं लिहिलं, काही न लपवता. साबणाची ओळसुद्धा लिहिली. आणि शेवटी लिहिलं, 'कोरा कागद एवढा मोठा असतो, हे मला माहीत नव्हतं.'

आठवड्याने बेटावरून पोस्टकार्ड आलं. एका बाजूला बांगड्याचं चित्र. दुसऱ्या बाजूला तीन ओळी. 'ह्यूबर्ट, ओळ चांगली आहे. खरंच. फक्त त्यातलं "बाई" काढून टाक.'

ह्यूबर्टचे कान लाल झाले. तो पोस्टकार्ड हातात घेऊन रंगमंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारू लागला.

"बाई काढायचं म्हणे. ड्युल्सी, ऐकलंस? त्या ओळीत जीव आहे तो त्या बाईतच. ते काढलं तर उरलं काय, वेळापत्रक. लिहिताना जे आलं ते आलं. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नसतो. एवढी साधी गोष्ट कळू नये माणसाला?"

ड्युल्सीने विणलेल्या बाहीची लांबी हाताने मोजली. "हो ना," ती म्हणाली. "किती वाईट वाटत असेल, नाही का?"

ह्यूबर्ट थांबला. मग त्याने पोस्टकार्ड घडी करून गोळ्यांच्या डबीत ठेवलं.

सप्टेंबरात लंडनला पहिला प्रयोग झाला. बस आली, पट्टी फिरली, दार उघडलं. ग्लेनिसने विचारलं, "ही चौदा ना हो?" ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं, टोपी पुढे ओढली आणि म्हणाला, "चौदा मागून येतेय."

हशा एक श्वास आधी आला, आणि स्कारबरोपेक्षा जास्त वेळ टिकला.

ही गोष्ट त्याने एफीला कधीच कबूल केली नाही. करायची गरजही नव्हती. ती तिसऱ्या ओळीत रबरी बूट घालून बसली होती, आणि सगळं सभागृह हसत असताना ती एकटीच हसत नव्हती. घड्याळाकडे बघून ती सेकंद मोजत होती.